स्वतंत्र वायरमनची हत्यारे : प्रस्तावना

घरगुती वीजकाम स्वतःच्या जबाबदारीवर करू लागलेल्या कारागिराजवळ कोणती हत्यारे असली पाहिजेत, हा प्रश्न वरकरणी खरेदीच्या यादीचा वाटतो. परंतु जबलपूरसारख्या शहराच्या संदर्भात तो विचारला, की तिथल्या कारखान्यांची रचना, तिथला खडक आणि काळी माती, पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंती, विजेविषयीचे नियम आणि पिढ्यान्‌पिढ्या जुन्यावर नवी जोडत नेलेली घरांतली वायरिंग या सगळ्यांचा विचार केल्याशिवाय त्याचे उत्तर देता येत नाही. ‘घरगुती वीजकाम’ या शब्दाने येथे वीज कंपनीच्या मीटरपासून घरातल्या शेवटच्या दिव्यापर्यंतचे, म्हणजे मुख्यतः २३० व्होल्टच्या सिंगल फेज पुरवठ्यावरचे काम अभिप्रेत आहे. खांबावरून मीटरपर्यंत येणारी तार ही वीज कंपनीची मालमत्ता असून तिला हात लावण्याचा अधिकार स्वतंत्र कारागिराला नाही, आणि ही मर्यादा प्रारंभीच स्पष्ट असणे इष्ट आहे.

जबलपुरात वीजकाम शिकलेला माणूस बहुधा एखाद्या मोठ्या संस्थेच्या सावलीत घडलेला असतो. १९०४ मध्ये सुरू झालेला गन कॅरेज कारखाना, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उभा राहिलेला खमरिया येथील दारूगोळा कारखाना, १९६९ पासूनचा वाहन कारखाना, २००३ पासून पश्चिम मध्य रेल्वेचे मुख्यालय, आणि रामपूर भागातील शक्तिभवन, जेथे आधी राज्याचे वीज मंडळ होते आणि मंडळाच्या विभाजनानंतर पूर्व क्षेत्र वितरण कंपनीसह त्याच्या वारसदार कंपन्यांची कार्यालये आली, या सर्व ठिकाणांनी आयटीआयमधून दोन वर्षांचा इलेक्ट्रिशियनचा अभ्यासक्रम पुरा केलेल्या मुलांना १९६१ च्या प्रशिक्षणार्थी कायद्याखाली उमेदवारी दिली. मराठी वाचकाला हे शहर परके नाही. १८१७ पर्यंत ते नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होते, १९५६ पर्यंत विदर्भ आणि जबलपूर यांचे राज्य एकच होते व त्याची राजधानी नागपूर होती, आणि रेल्वे, कचेऱ्या व कारखाने यांतील नोकऱ्यांच्या निमित्ताने स्थायिक झालेली मराठी कुटुंबे आजही तिथे आहेत. यंत्रशाळेत हातांनी काम करणारी माणसे या कुटुंबांतूनही निघाली.

अशा संस्थेत हत्यार हे कामगाराचे नसते. ते टूल रूममधून, म्हणजे हत्यारांच्या कोठारातून, आपल्या क्रमांकाचा बिल्ला ठेवून घ्यायचे आणि पाळी संपताना परत करायचे, अशी कारखान्यांची जुनी रीत आहे. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की संस्थेत कामाची वाटणी झालेली असते : एकजण तार ओढतो, दुसरा ती तपासतो, तिसरा पुरवठा बंद केल्याचा लेखी परवाना देतो आणि चौथा काम सुरक्षित असल्याची सही करतो. हा माणूस निवृत्त होऊन, उमेदवारी संपल्यावर नोकरी न मिळून किंवा स्वेच्छेने स्वतंत्र झाला, की तार ओढण्याचे कौशल्य त्याच्या बोटांत शिल्लक राहते, पण तपासणारा, परवाना देणारा आणि सही करणारा हे तिघेही मागे राहतात. पुढील विवेचनाची भूमिका या निरीक्षणावर उभी आहे : नव्याने स्वतंत्र झालेल्या वायरमनच्या थैलीने या तिघांची उणीव भरून काढली पाहिजे, आणि म्हणून मोजणारी हत्यारे आधी घ्यावीत, कापणारी व फोडणारी त्यानंतर. बाजारात क्रम बहुधा उलटा दिसतो. पहिल्या कमाईतून ड्रिल मशीन येते, कारण ते ग्राहकाला दिसते आणि त्याने काम लवकर उरकते. इन्सुलेशन तपासण्याचे यंत्र मात्र कित्येकांच्या थैलीत अखेरपर्यंत येत नाही.

कायद्याचा कलही याच दिशेने आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षाविषयक विनियमांनी, म्हणजे २०१० च्या आणि त्यांची जागा घेणाऱ्या २०२३ च्या विनियमांनी, वीजजोडणीतील भर, फेरफार व दुरुस्ती ही कामे परवानाधारक ठेकेदाराने, सक्षमतेचे प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली आणि परवाना असलेल्या वायरमनकडूनच करून घ्यावीत, असा नियम घातला आहे. दिवा, पंखा, फ्यूज, स्विच यांसारखी वस्तू जशीच्या तशी बदलणे, ज्यामुळे जोडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलत नाही, एवढ्यापुरती त्यातून सूट आहे. नवशिक्या स्वतंत्र कारागिराची सुरुवात साहजिकच या सुटीच्या कक्षेतील कामांनी होते. परंतु एखाद्या खोलीत एअर कंडिशनरसाठी नवी लाइन ओढताच तो त्या कक्षेबाहेर जातो, आणि तेव्हा त्याच्याजवळ राज्याच्या अनुज्ञापन मंडळाचा परवाना असावा लागतो किंवा परवानाधारक ठेकेदाराशी त्याचा रीतसर संबंध असावा लागतो. ठेकेदारीचा परवाना देताना अनेक राज्यांची मंडळे अर्जदाराजवळ इन्सुलेशन टेस्टर, अर्थ टेस्टर आणि मल्टिमीटर असल्याची खात्री करून घेतात. ज्या साधनांवर परवाना अवलंबून असतो ती मोजणारी साधने असावीत, हा योगायोग नाही.

मोजणाऱ्या साधनांत सर्वांत साधे आणि सर्वांत गैरसमज वाढवणारे साधन म्हणजे खिशातला टेस्टर. त्याच्या पारदर्शक मुठीत एक निऑन दिवा आणि त्याच्याशी सलग जोडलेला सुमारे दहा लाख ओहमचा रोधक असतो. टोक फेजला, म्हणजे जिवंत तारेला, लावून मागच्या टोपीवर बोट ठेवले की मिलिअँपिअरच्या एका अंशाइतका प्रवाह माणसाच्या शरीरातून जमिनीत जातो आणि दिवा लागतो. तो लागला तर तारेत वीज आहे एवढे बहुधा खरे असते. तो लागला नाही म्हणून वीज नाही, हे मात्र सिद्ध होत नाही. कारागीर कोरड्या लाकडी स्टुलावर रबरी तळव्याची चप्पल घालून उभा असेल, गच्चीवर भर उन्हात काम चालू असेल किंवा आतला दिवाच निकामी झाला असेल, तर जिवंत तार मृत भासते. उलटही घडते. न्यूट्रल, म्हणजे परतीची तार, मध्येच कुठे तुटली की चालू ठेवलेल्या उपकरणामार्गे फेज त्या तुटलेल्या तारेत उतरते आणि सॉकेटच्या दोन्ही छिद्रांत टेस्टर उजळतो. अननुभवी माणूस ‘दोन फेज आल्या’ असे सांगून वीज कंपनीकडे बोट दाखवतो. अशा वेळी मल्टिमीटर दोन छिद्रांच्या दरम्यान शून्य आणि प्रत्येक छिद्र व अर्थ यांच्या दरम्यान जवळपास २३० व्होल्ट दाखवतो, व दोष घरातल्या किंवा घराबाहेरच्या न्यूट्रलचा असल्याचे तत्काळ कळते.

मल्टिमीटर म्हणजे व्होल्ट, ओहम, प्रवाह इत्यादी राशी एकाच यंत्रावर मोजणारे मीटर. त्याची निवड करताना किमतीआधी त्यावरचा ‘कॅट’ हा वर्ग पाहावा. हा वर्ग यंत्र किती अचूक आहे ते सांगत नाही. विजेच्या तारेवर क्षणभर उसळणारा अतिदाब ते किती सोसू शकते, ते सांगतो. कॅट २ सॉकेटला लावलेल्या उपकरणांपुरते, कॅट ३ घरातील पक्क्या वायरिंगसाठी व वितरण पेटीसाठी, आणि कॅट ४ मीटरपाशी, पुरवठा आत येतो त्या जागेसाठी असते. घरगुती कारागिराने कॅट ३ पेक्षा खालचे मीटर घेऊ नये. स्वस्त मीटरवर हा शिक्का छापलेला असतो पण आत उच्च क्षमतेचा फ्यूज नसतो, आणि प्रवाह मोजण्याच्या छिद्रात राहिलेली तार घेऊन कोणी व्होल्ट मोजू लागला तर हातातच शॉर्ट सर्किट होते. डिजिटल मीटरचा आणखी एक गुण कधी कधी अवगुण ठरतो : त्याचा अंतर्गत रोध इतका मोठा असतो की जिवंत तारेशेजारून धावणाऱ्या, दोन्ही टोकांना सुट्या असलेल्या तारेतही ते साठ-सत्तर व्होल्ट दाखवते, आणि दिवसभर नसलेल्या दोषाचा शोध चालतो. जुन्या मिस्त्रींचा होल्डरला दोन तारा जोडलेला टेस्ट लॅम्प येथे कामाचा ठरतो, कारण दिवा पेटायला खरा प्रवाह लागतो आणि भासमान दाबाने तो पेटत नाही. तथापि दोन फेजांमध्ये चुकून लावला तर साधा दिवा फुटण्याची भीती असते, म्हणून पूर्वी दोन दिवे सलग जोडून वापरण्याची पद्धत होती. आज हेच काम दोन सळ्यांचा, आतच भार असलेला व्होल्टेज टेस्टर अधिक सुरक्षितपणे करतो आणि शक्य असेल त्याने तोच घ्यावा.

हे सारे तपशील एका कृतीसाठी आहेत : हात लावण्यापूर्वी तार मृत असल्याची खात्री करणे. रीत अशी की टेस्टर आधी जिवंत असल्याचे ठाऊक असलेल्या जागी लावून पाहावा, मग कामाच्या जागी, आणि नंतर पुन्हा त्या जिवंत जागी. तिसरी पायरी गाळली तर मधल्या क्षणी टेस्टरच बिघडला नव्हता, हे कळायला मार्ग राहत नाही. घरोघरी इन्व्हर्टर आल्यापासून ही रीत अधिकच अपरिहार्य झाली आहे. मेन स्विच पाडल्यावर बाहेरची वीज थांबते, परंतु बॅटरीवर चालणारा इन्व्हर्टर त्याच क्षणी जागा होऊन दिवे-पंख्यांच्या लाइनवर २३० व्होल्ट सोडतो. मेन बंद आहे एवढ्या विश्वासावर पंखा उतरवणाऱ्या माणसाला या दुसऱ्या उगमाची आठवण राहीलच असे नाही. इन्व्हर्टरची लाइन वेगळी ओढताना न्यूट्रल मात्र जुनीच सामाईक ठेवण्याची खोड अनेक घरांत आढळते, आणि त्यामुळे न्यूट्रलच्या जोडावरही धक्का बसू शकतो. म्हणून एमसीबीच्या, म्हणजे दोषाच्या वेळी आपोआप पडणाऱ्या छोट्या स्विचच्या, दांडीला अडकवायचे छोटे कुलूप आणि ‘काम चालू आहे’ अशी देवनागरीत लिहिलेली पाटी या दोन वस्तूंची गणना या पुस्तकात हत्यारांतच केली आहे. कारखान्यात जो परवाना कागदावर मिळत असे, त्याचे काम घरात हे कुलूप करते, कारण बंद पडलेला पंखा पाहून मेन वर करणारा घरातलाच कोणी तरी असतो.

जबलपुरात मे महिन्यात तापमान ४० अंशांच्या वर जाते आणि घराघरांच्या खिडक्यांत पत्र्याचे कूलर लागतात. लोखंडी पेटी, तळाशी पाणी, पाण्यात बुडालेला छोटा पंप, ओल्या हातांनी पाणी भरणारी माणसे आणि पुष्कळदा दोन पिनांच्या प्लगवर चालणारी मोटर, असे हे उपकरण मध्य भारतातील वीज-अपघातांच्या दृष्टीने सर्वांत विचारात घेण्यासारखे आहे. नळाचे पाणी खेचणारा टुल्लू पंपही त्याच वर्गातला. येथे संरक्षणाची दोन साधने मानली जातात, अर्थिंग आणि आरसीसीबी. पण दोन्ही मोजून पाहिल्याशिवाय त्यांच्यावर विसंबता येत नाही. अर्थिंग म्हणजे उपकरणाचे धातूचे अंग जमिनीत पुरलेल्या नळीशी वा पट्टीशी जोडणे, जेणेकरून फेज त्या अंगाला लागली तर प्रवाह जमिनीत जाईल. समजा या अर्थिंगचा रोध १०० ओहम आहे. तर २३० व्होल्टला फक्त २.३ अँपिअर प्रवाह वाहील, १६ अँपिअरच्या एमसीबीला तो जाणवणारही नाही, आणि कूलरचे अंग अनिश्चित काळ जिवंत राहील. रोध ५ ओहमपर्यंत उतरवला, जो चांगला समजला जातो, तरी प्रवाह ४६ अँपिअर होतो आणि एमसीबी पडायला काही सेकंद लागू शकतात. आरसीसीबी मात्र फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला प्रवाह यांची तुलना करते व ३० मिलिअँपिअरची तफावत आढळताच क्षणार्धात पुरवठा तोडते. म्हणून घरात तिला पर्याय नाही. तिच्यावरचे ‘टी’ बटण दाबून ती पडली म्हणजे सर्व ठीक, असे समजणे ही सर्वत्र पसरलेली चूक आहे. ते बटण आतली यंत्रणा तपासते. अर्थची तार सॉकेटपर्यंत पोचली आहे की नाही, याविषयी ते काहीच सांगत नाही.

अर्थिंगच्या बाबतीत जबलपूरची भूमी स्वतःच एक अभ्यासविषय आहे. शहराच्या नैऋत्येस मदनमहालच्या टेकड्या ग्रॅनाइटच्या आहेत, एकावर एक तोललेल्या शिळा तिथे पाहायला मिळतात, आणि त्यांच्या उतारावर वाढलेल्या वस्त्यांत थोडे खणताच खडक लागतो. सखल भागांत मात्र चिकण काळी माती आहे. ओली चिकण माती विजेला सहज वाट देते, ग्रॅनाइट तिच्या शेकडो पट अडथळा करतो. आयएस ३०४३ या अर्थिंगविषयक भारतीय मानकात सांगितलेली अडीच मीटरची नळी खडकात उभी उतरवता येत नाही, आणि कोळसा-मीठ भरून उथळ खड्ड्यात ती आडवी-तिडवी बसवली जाते. अशा ठिकाणी मातीचा पट्टा शोधून आडवी पट्टी लांबवर पुरणे अधिक सयुक्तिक ठरते, पण ते पुरेसे झाले की नाही हे अर्थ टेस्टरच सांगू शकतो. या यंत्राने मोजताना तपासायच्या इलेक्ट्रोडपासून ठरावीक अंतरांवर दोन सहायक सळ्या ठोकाव्या लागतात, एकीतून प्रवाह सोडला जातो व दुसरीवर दाब मोजला जातो. खडकाळ अंगणात सळी कुठे ठोकायची हाच पहिला प्रश्न असतो, आणि दाट वस्तीत तेवढे अंतरच मिळत नाही. काळ्या मातीच्या भागातील अडचण निराळी आहे : पावसाळ्यानंतर मोजलेला रोध समाधानकारक येतो, पण उन्हाळ्यात ती माती भेगाळते, नळीपासून सुटते आणि रोध अनेक पटींनी वाढतो. अर्थिंगची खरी परीक्षा म्हणूनच मे महिन्यातली, कूलर चालू असतानाच्या दिवसांतली. सप्टेंबरातला आकडा नोंदवून निश्चिंत होणे धोक्याचे आहे.

इन्सुलेशनच्या चाचणीचा ऋतू याच्या नेमका उलट आहे. तारेवरील प्लॅस्टिकचे आवरण प्रवाहाला किती अडवते, हे मोजणाऱ्या यंत्राला कारागीर ‘मेगर’ म्हणतात. विसाव्या शतकाच्या आरंभी एका इंग्रज कंपनीने नोंदवलेले हे नाव आज सर्वच बनावटींच्या यंत्रांना चिकटले आहे. दांडा फिरवून किंवा बॅटरीवर ते ५०० व्होल्टचा एकदिश दाब देते आणि उत्तर मेगओहममध्ये, म्हणजे दशलक्ष ओहममध्ये, दाखवते. घरगुती जोडणीत ते एक मेगओहमच्या खाली असू नये. जुन्या भारतीय संकेतानुसार ५० ला पॉइंटांच्या संख्येने भागून येईल तितके मेगओहम पुरेसे मानत. साधा मल्टिमीटर हे काम करू शकत नाही, कारण त्याच्या बॅटरीच्या काही व्होल्टांना जे आवरण शाबूत वाटते, तेच २३० व्होल्टांखाली गळू लागते. जबलपुरात वर्षाला सुमारे १,३०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. जुन्या विटांच्या भिंती ओल धरतात, गच्चीतून झिरपलेले पाणी कंड्युटमध्ये, म्हणजे तारा नेणाऱ्या नळीत, साचते, आणि उन्हाळ्यात निर्दोष ठरलेली लाइन श्रावण-भाद्रपदात आरसीसीबी वारंवार पाडू लागते. यावर उपाय म्हणून आरसीसीबीच काढून टाकण्याचा सल्ला देणारे आढळतात. मेगर हाती असलेला कारागीर एकेक लाइन सोडवून दोष कोणत्या भिंतीत आहे ते शोधतो. दोन पथ्ये त्याने पाळावीत : चाचणीपूर्वी एलईडी दिवे, पंख्यांचे रेग्युलेटर, इन्व्हर्टर हे सर्व वेगळे करावे, अन्यथा ५०० व्होल्टांनी ते जळतात, आणि चाचणीनंतर तारेत साठलेला भार उतरू द्यावा.

आता हातातल्या हत्यारांकडे वळता येईल, ज्यांविषयी कारागिराला सांगण्यासारखे थोडे असते. पक्कड, जिला जबलपूरच्या बाजारात प्लास म्हणतात, नोज प्लायर, कटर, निरनिराळ्या मापांचे पेचकस, तारेचे आवरण सोलणारा स्ट्रिपर, हातोडी आणि छिन्नी एवढ्यांवर निम्मे काम होते. मुठीवर नुसते रंगीत रबर असणे आणि ती मूठ विजेसाठी तपासलेली असणे यांत फरक आहे. आयईसी ६०९०० या आंतरराष्ट्रीय मानकानुसार तयार केलेल्या हत्याराची १०,००० व्होल्टांवर चाचणी होते आणि त्यावर दोन त्रिकोणांचे चिन्ह व १,००० व्होल्ट असा आकडा असतो. असे हत्यार जिवंत तारेवर काम करण्याची परवानगी म्हणून घ्यायचे नसते. चूक झालीच तर ती प्राणांवर बेतू नये यासाठी ते असते. या थैलीतील पुष्कळ ऐवज नाशिकहून येतो, ही मराठी वाचकाला जिव्हाळ्याची वाटेल अशी गोष्ट आहे : टपारियाच्या पकडी व पेचकस तिथलेच, आणि ऋषभ व मोटवाने यांची मापनयंत्रेही तिथलीच.

हातहत्यारांत एकच असे आहे की ज्याच्या अभावाचे परिणाम भिंतीआड दडून राहतात, ते म्हणजे क्रिंपिंग टूल. तारेच्या टोकावर धातूची टोपी, जिला कारागीर थिंबल किंवा लग म्हणतात, घट्ट दाबून बसवणारे हे हत्यार आहे. तांब्याच्या टंचाईमुळे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतातील अनेक घरांत अ‍ॅल्युमिनिअमच्या तारा घातल्या गेल्या, आणि राइट टाउन, नेपियर टाउनसारख्या जुन्या भागांत लाकडी पट्टीवर खिळलेली तशी वायरिंग आढळू शकते. अ‍ॅल्युमिनिअमवर हवेने विजेला अडवणारा थर चढतो, स्क्रूखाली दाबलेली ती तार काळाने सैल पडते, आणि तांब्याशी नुसती पिळून जोडली तर सांध्यावर झीज सुरू होते. सैल सांधा तापतो, तापल्याने अधिक सैल होतो, आणि एमसीबीला यातले काही कळत नाही, कारण प्रवाह मर्यादेतच असतो. दोन धातूंसाठी केलेली थिंबल आणि योग्य मापाचे क्रिंपिंग टूल हा यावरचा मार्ग आहे. जुन्या घरांत काम करणाऱ्याला तारांची जुनी मापेही वाचता यावीत : ३/२२ म्हणजे २२ गेजच्या तीन तारांचा पीळ, ७/२० म्हणजे २० गेजच्या सात तारांचा, आजच्या दीड, अडीच, चार चौरस मिलिमीटर या मापांशी त्यांचा तंतोतंत मेळ बसत नाही, म्हणून जुन्या तारेवर नवा एमसीबी निवडताना लहान बाजूने निवडावा.

भिंतीत झिरी पाडणारे कटर यंत्र, मोठे हॅमर ड्रिल आणि लांब शिडी ही साधने नव्या कारागिराने विकत घेण्याची घाई करू नये, कारण ती भाड्याने मिळतात आणि नव्या घराचे वायरिंग दर महिन्याला मिळत नाही. छोटे ड्रिल पुरेसे असते. भिंतीतल्या छिद्रात ठोकायच्या ज्या गुट्टीला रावळ प्लग म्हणतात, तो लंडनच्या रॉलिंग्ज नावाच्या ठेकेदाराने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या आसपास ब्रिटिश म्युझियममध्ये भिंतींची नासधूस न करता विजेची उपकरणे बसवता यावीत म्हणून शोधला, आणि त्याच कारणासाठी तो आजही थैलीत असतो. कंड्युटमधून तार ओढण्याची पोलादी स्प्रिंग मात्र स्वतःचीच असावी. शिडी अ‍ॅल्युमिनिअमची नसावी, बांबूची कोरडी किंवा फायबरची असावी. झिरी पाडताना उडणारी सिमेंटची धूळ फुप्फुसात साठत जाते, तेव्हा मुखपट्टी आणि चष्मा यांवर काटकसर करू नये. हे सांगावे लागते, कारण या धुळीचा त्रास काही वर्षांनी जाणवतो आणि तोवर तिचा संबंध कामाशी कोणी जोडत नाही.

पैशांचा प्रश्न खरा आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचे साहाय्य आहे, पण तिच्या अठरा व्यवसायांत सुतार, लोहार, गवंडी, शिंपी आहेत, वायरमन नाही. ही उणीव दूर व्हावी, कारण त्याच्या हत्यारांवर इतरांचे प्राण अवलंबून असतात. २०१५ पासूनच्या मुद्रा योजनेतील ‘शिशु’ गटात ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज मिळू शकते आणि थैली उभी करायला ते पुरेसे आहे. अर्थ टेस्टर महाग असल्याने आणि रोज लागत नसल्याने तीन-चार कारागिरांनी मिळून घेणे शहाणपणाचे ठरते. जुन्या बाजारात मेगर स्वस्तात मिळाला तर घ्यायला हरकत नाही, परंतु त्याच्या दोन्ही तारा एकमेकींना टेकवून शून्य आणि सुट्या ठेवून अनंत दाखवतो की नाही हे जागेवरच पाहावे, आणि ठाऊक असलेल्या रोधावर त्याची पडताळणी करून घ्यावी. प्रत्येक घरासाठी एक वही ठेवून तिच्यात अर्थिंगचा आकडा, प्रत्येक लाइनचे मेगओहम, आरसीसीबी पडल्याची नोंद आणि मोजणीचा महिना लिहावा. महिना यासाठी की वर सांगितल्याप्रमाणे मेमधला आणि ऑगस्टमधला आकडा यांची थेट तुलना होत नाही.

छतावरील सौर पॅनेलांचा विचार या पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणात स्वतंत्रपणे केला आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये पंतप्रधान सूर्यघर योजना जाहीर झाल्यापासून अशा जोडण्यांच्या देखभालीची विचारणा सामान्य वायरमनकडेही होऊ लागली आहे, पण त्या कामाची हत्यारे वेगळी आहेत : पॅनेलांतून येणारा प्रवाह एकदिश असतो, त्याचा दाब काहीशे व्होल्टांपर्यंत जातो, ऊन असेतोवर तो कोणत्याही मेन स्विचने पॅनेलपाशी बंद होत नाही, आणि तार सोडवताना पडलेली ठिणगी घरगुती पुरवठ्यातील ठिणगीप्रमाणे आपोआप विझत नाही. तारेभोवती जबडा अडकवून प्रवाह मोजणारा साधा क्लॅम्प मीटर एकदिश प्रवाहावर शून्य दाखवतो, त्यासाठी हॉल परिणामावर चालणारा मीटर लागतो. तो घेईपर्यंत आणि त्या कामाचे प्रशिक्षण पुरे होईपर्यंत नव्या कारागिराने छतावरचे काम स्वीकारू नये.